विश्लेषण : चाळिशी उलटूनही ‘टेट्रिस’ जुना का होत नाही?

अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातल्या १३ वर्षांच्या एका मुलाने २१ डिसेंबर २०२३ रोजी खेळता खेळता ‘टेट्रिस’ हा गेमच बंद पाडला. १५७ व्या पातळीवर प्रोग्रॅमला गुणांची बेरीज वेळेत जमेना आणि पडदा गोठला. माणसाने इथवर मजल मारण्याची ही पहिलीच वेळ. गेमची ही आवृत्ती १९८९ ची, म्हणजे त्या मुलाच्या जन्माच्या वीस वर्षे आधीची. चित्रपटासारखे दिसणारे गेम हाताशी असताना नव्या पिढीला यात काय सापडते?

गेमचा जन्म कसा झाला?

सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या मॉस्कोतील संगणक केंद्रात काम करणारे अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये ‘टेट्रिस’ लिहिला. त्यांच्या ‘इलेक्ट्रोनिका ६०’ या संगणकावर चित्रे उमटत नसत. म्हणून ठोकळे कंसांच्या चिन्हांनी दाखवले गेले. ‘टेट्रा’ म्हणजे ग्रीक भाषेत चार. प्रत्येक ठोकळा चार चौकोनांचा आणि असे आकार सातच. गेमचे हक्क सोव्हिएत सरकारी संस्थेकडे होते. १९८९ मध्ये हेंक रॉजर्स यांनी मॉस्को गाठून ‘निन्टेंडो’साठी हातातल्या यंत्रांचे हक्क मिळवले आणि ‘गेमबॉय’बरोबर टेट्रिस जगभर पोहोचला. पाजित्नोव यांना मात्र त्याचे मानधन मिळू लागले ते १९९६ पासून.

आपल्याकडे तो कसा आला?

बहुतेकांना तो नावाने माहीतच नव्हता. नव्वदच्या दशकात जत्रेत आणि खेळण्यांच्या दुकानांत मिळणारा, पेन्सिल सेलवर चालणारा ‘ब्रिक गेम’ म्हणजे टेट्रिसचीच नक्कल. त्यावर ‘९९९९ इन १’ असे छापलेले असे. प्रत्यक्षात मोजकेच खेळ वेग बदलून पुन्हा येत. मे महिन्याच्या सुट्टीत त्यावरून भावंडांची भांडणे ठरलेली!

तो जुना का होत नाही?

याला गोष्ट नाही, भाषा नाही. नियम मिनिटभरात कळतात : ओळ भरली की ती नाहीशी होते. हुबेहूब चित्रणाचा दावाच नसल्याने तो कालबाह्यही दिसत नाही. वेग वाढत जातो आणि शेवटी हार ठरलेली असते. पण चूक आपलीच असल्याने ‘आणखी एकच डाव’ असे वाटत राहते.

नव्या पिढीने काय वेगळे केले?

या आवृत्तीत २९ व्या पातळीपासून ठोकळे इतक्या वेगाने पडतात, की तिथे खेळ संपलाच असे पूर्वी मानले जाई. तरुणांनी एकमेकांचे व्हिडिओ पाहून बटणे दाबण्याच्या नव्या पद्धती शोधल्या. ‘रोलिंग’मध्ये अंगठा बटणावर ठेवून दुसऱ्या हाताची बोटे कंट्रोलरच्या मागच्या बाजूवर एकापाठोपाठ आपटतात. २०१८ च्या जागतिक स्पर्धेत तर १६ वर्षांच्या जोसेफ सेलीने सात वेळा विजेत्या ठरलेल्या जोनास न्यूबाउअरला हरवले होते.

मग चिंता कशाची?

टेट्रिस नशीबवान. प्रत्येक नव्या यंत्रावर, आता मोबाइलवरही, तो अधिकृतपणे मिळतो. ‘व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन’च्या २०२३ च्या अभ्यासानुसार, अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात नाहीत. असे गेम ग्रंथालयांनी अभ्यासकांना दूरस्थ पद्धतीने वापरू द्यावेत, ही मागणी तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. त्यामुळे अभ्यासकांपुढे प्रत्यक्ष ग्रंथालयात जाणे, महागडी जुनी कॅसेट व यंत्र विकत घेणे किंवा बेकायदा प्रत शोधणे एवढेच मार्ग उरतात.

जुना गेम नव्या पिढीला आवडतो, हे टेट्रिसने दाखवून दिले. पण आवडण्यासाठी आधी तो तिच्या हाती पडावा लागतो.