विश्लेषण : असमान करारांचा बळी ठरलेला जपान स्वतःच साम्राज्यवादी कसा झाला?

अमेरिकी नौदलाचे अधिकारी मॅथ्यू पेरी ८ जुलै १८५३ रोजी चार युद्धनौका घेऊन उरागा येथे, म्हणजे एदोच्या (आजचे टोकियो) उपसागराच्या तोंडाशी पोहोचले. व्यापारासाठी दारे उघडा, अशी त्यांची मागणी होती आणि मागे तोफा होत्या. २३ वर्षांनंतर, १८७६मध्ये जपानने अशाच प्रकारे युद्धनौकांच्या धाकावर कोरियाला करार करायला भाग पाडले. एका पिढीत हा बदल कसा घडला आणि त्याची किंमत कोणी मोजली?

जपानची दारे पूर्ण बंद होती का?

नाही. तोकुगावा घराण्यातील शोगुन, म्हणजे लष्करी राज्यकर्ते, यांनी १६३०च्या दशकापासून परदेशी संपर्कावर कडक निर्बंध घातले. जपानी लोकांना परदेशात जाण्यास बंदी होती. मात्र नागासाकी येथे चिनी व डच व्यापाऱ्यांना परवानगी होती. डचांना देजिमा या छोट्या कृत्रिम बेटावरच राहावे लागे. त्यांच्या पुस्तकांतून युरोपीय वैद्यक आणि विज्ञान जपानमध्ये पोहोचत होते.

‘असमान करार’ म्हणजे काय?

१८५४मध्ये शिमोदा आणि हाकोदाते ही बंदरे अमेरिकी जहाजांसाठी उघडली. १८५८मध्ये अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, रशिया आणि नेदरलँड्स यांच्याशी व्यापारी करार झाले. त्यात दोन अटी जाचक होत्या. परदेशी नागरिकाने जपानमध्ये गुन्हा केला तर खटला त्याच्याच देशाचा वकील (कॉन्सुल) चालवणार. शिवाय आयात मालावर किती कर लावायचा, हे जपानला एकट्याने ठरवता येणार नव्हते.

शोगुनची सत्ता कशी गेली?

करारांमुळे शोगुनविरोधात संताप वाढला. सत्सुमा आणि चोशू या बलाढ्य संस्थानांनी परदेशी जहाजांशी झुंजून पाहिले आणि आधुनिक तोफांचा मार खाल्ला. आधी शस्त्रे आणि तंत्र मिळवायला हवे, हा धडा त्यांनी घेतला. १८६६मध्ये दोघांनी हातमिळवणी केली. जानेवारी १८६८मध्ये १५ वर्षांच्या सम्राटाच्या नावाने नवे सरकार आले. यालाच ‘मेइजी पुनःस्थापना’ म्हणतात. १८७१मध्ये अडीचशेहून अधिक संस्थाने खालसा झाली.

तंत्रज्ञान कसे मिळवले?

डिसेंबर १८७१मध्ये इवाकुरा तोमोमी यांच्या नेतृत्वाखाली मंत्री, अधिकारी आणि विद्यार्थी अमेरिका व युरोपच्या दौऱ्यावर निघाले. विद्यार्थ्यांमध्ये सहा वर्षांची त्सुदा उमेकोही होती; पुढे तिने महिलांसाठी महाविद्यालय काढले. करार बदलण्याचा शिष्टमंडळाचा प्रयत्न फसला. पाश्चात्त्यांना मान्य होईल अशी कायदेव्यवस्था असल्याशिवाय करार बदलणार नाहीत, हे स्पष्ट झाले.

१८७२मध्ये टोकियोतील शिम्बाशी ते योकोहामा रेल्वे सुरू झाली. १८७३मध्ये टोकियोत अभियांत्रिकी महाविद्यालय उभारण्यासाठी स्कॉटलंडहून हेन्री डायर आले, तेव्हा ते अवघे २४ वर्षांचे होते. परदेशी तज्ज्ञांना मोठे पगार दिले जात, पण आपली माणसे तयार होताच त्यांच्या जागा जपानी अभियंत्यांना मिळत गेल्या.

पैसा कुठून आला?

मुख्यतः शेतकऱ्यांकडून. पूर्वी शेतसारा बहुतांशी भाताच्या रूपात, पिकाच्या हिश्शाने घेतला जाई. १८७३च्या कायद्याने तो जमिनीच्या किमतीच्या ३ टक्के आणि रोख झाला. त्यामुळे सरकारला दरवर्षी ठरावीक रक्कम मिळू लागली. शेतकऱ्याला मात्र पीक बुडाले तरी कर भरावा लागे. उठाव झाले आणि १८७७मध्ये दर अडीच टक्क्यांवर आणावा लागला. त्याच १८७३मध्ये सक्तीची लष्करभरती सुरू झाली, म्हणजे कर आणि सैनिक दोन्ही खेड्यांतूनच आले.

सामुराईंचेही हक्क गेले. १८७६मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली आणि वंशपरंपरागत तनखे रोख्यांत बदलले गेले. पुढच्याच वर्षी साइगो ताकामोरींच्या नेतृत्वाखालील बंड नव्या सक्तीच्या सैन्याने मोडून काढले.

मुंबईशी काय संबंध?

जपानच्या सूतगिरण्यांना भारतीय कापूस हवा होता. त्याच्या वाहतुकीवर युरोपीय जहाज कंपन्यांचे वर्चस्व होते. ते मोडण्यासाठी १८९३मध्ये जमशेदजी टाटांच्या सहकार्याने निप्पॉन युसेन काइशा या जपानी कंपनीने मुंबईसाठी जहाजसेवा सुरू केली.

साम्राज्य कसे उभे राहिले?

१८७६च्या करारात कोरियाची बंदरे उघडली गेली आणि तिथल्या जपानी नागरिकांवरील खटले जपानी अधिकाऱ्यांकडे गेले. जपानला स्वतःला खुपणारीच ही अट होती. १८९४-९५च्या युद्धात चीनचा पराभव करून जपानने तैवान आणि मोठी खंडणी मिळवली. १९०५मध्ये रशियाला हरवले. एका आशियाई देशाने युरोपीय सत्तेला नमवल्याचा आनंद भारतातही झाला. पण त्याच वर्षी कोरियाचे परराष्ट्र धोरण जपानने ताब्यात घेतले आणि १९१०मध्ये तो देशच गिळंकृत केला. ही राजवट १९४५पर्यंत टिकली.

परदेशी नागरिकांवर खटले चालवण्याचा हक्क जपानला १८९९मध्ये परत मिळाला. आयात कर स्वतः ठरवण्याचा पूर्ण हक्क १९११मध्ये मिळाला. कोरियाचे स्वातंत्र्य त्याच्या आदल्याच वर्षी संपले होते.