पालवणकर बाळू
(१९ मार्च १८७६ – ४ जुलै १९५५). भारतीय क्रिकेटमधील एक श्रेष्ठ डावखुरे फिरकी गोलंदाज व पुणे कराराचे एक स्वाक्षरीकर्ते. जन्म धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात. वडील सैन्यात नोकरीस होते. त्यांचे धाकटे बंधू शिवराम, गणपत व विठ्ठल हेही नामवंत क्रिकेटपटू होते.

क्रिकेट हा बाळूंच्या प्रथमपासून उपजीविकेचा विषय होता. पुण्यात यूरोपियनांच्या क्लबमध्ये दरमहा चार रुपये वेतनावर खेळपट्टी तयार करणे, जाळी उभारणे ही कामे ते करीत. सरावासाठी गोलंदाजीही त्यांच्याकडे असे. फलंदाजीची संधी मात्र त्यांना मिळत नसे. जे. जी. ग्रेग हा इंग्रज फलंदाज स्वतःला बाद केल्याबद्दल त्यांना दर वेळी आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना सामावून घेतले. मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांच्याबरोबर एकच चेंडू हाताळीत. चहा मात्र त्यांना तंबूबाहेर, मातीच्या वेगळ्या पात्रातून दिला जाई. १८९६ च्या सुमारास ते मुंबईस गेले व तेथील हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ मध्ये हिंदू संघाने यूरोपियनांवर मिळविलेल्या विजयात त्यांच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तथापि हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीही देण्यात आले नाही. १९२० मध्ये याच प्रश्नावरून शिवराम व विठ्ठल संघाबाहेर पडले. तडजोड होऊन अंतिम सामन्यासाठी बाळूंना उपकर्णधार करण्यात आले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले.

या लौकिकामुळे बाळू अस्पृश्य समाजाचे एक पुढारी मानले जाऊ लागले. अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ असावेत, ही डॉ. भीमराव आंबेडकर यांची मागणी त्यांना मान्य नव्हती. संयुक्त मतदारसंघाचा त्यांनी पुरस्कार केला. २४ सप्टेंबर १९३२ रोजी झालेल्या पुणे करारावर या दोघांच्याही स्वाक्षऱ्या आहेत. १९३३ मध्ये हिंदू महासभेतर्फे ते मुंबई महानगरपालिकेच्या निवडणुकीस उभे राहिले व पराभूत झाले. १९३७ मध्ये प्रांतिक विधानसभेच्या मुंबईतील राखीव जागेसाठी काँग्रेसने त्यांना प्रत्यक्ष आंबेडकरांविरुद्ध उमेदवारी दिली. आंबेडकरांना १३,२४५, तर बाळूंना ११,२२५ मते मिळाली.

ज्या करारामुळे संयुक्त मतदारसंघात राखीव जागा निर्माण झाल्या, त्यावर स्वाक्षरी करणारे दोघे अशा एका जागेसाठी परस्परांसमोर उभे राहिले, हे या निवडणुकीचे वैशिष्ट्य होय. एकाने कायद्याच्या व्यासंगातून, तर दुसऱ्याने खेळातील कर्तृत्वातून सार्वजनिक जीवनात स्थान मिळविले होते. बाळूंना विधिमंडळात प्रवेश मिळाला नाही. परंतु मैदानावरील गुणवत्ता मान्य करूनही मैदानाबाहेर समतेचा हक्क नाकारणाऱ्या समाजातील विसंगती त्यांच्या कारकीर्दीने उघड केली. मुंबई येथे त्यांचे निधन झाले.