राजाजीनगरचे कट्टे

बेंगळुरूचे राजाजीनगर म्हटले की बाहेरच्या माणसाला टेकडीवरचे इस्कॉनचे मंदिर आठवते. १९९७ मध्ये राष्ट्रपती शंकरदयाळ शर्मा यांच्या हस्ते उद्घाटन झालेले ते मंदिर भव्य आहेच. पण या भागातली जुनी श्रद्धा पाहायची तर आतल्या गल्ल्यांत शिरावे. तिथे पिंपळ आणि कडुनिंब एकमेकांना बिलगून वाढलेले दिसतात. बुंध्याभोवती दगडी चौथरा असतो आणि त्यावर हळदकुंकवाने माखलेल्या कोरीव नागशिळा उभ्या असतात. हे अश्वत्थकट्टे. ज्याने आपल्या गावचा पार पाहिला आहे, त्याला ही जागा परकी वाटत नाही.

राजाजीनगर तसे तरुण. औद्योगिक उपनगर म्हणून १९४९ च्या सुमारास त्याची आखणी झाली, नाव मिळाले ते तेव्हाचे गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी ऊर्फ राजाजी यांचे. पण ही जमीन काही ओसाड नव्हती. इथे केतमारनहळ्ळीसारखी गावे होती. शेते गेली, केतमारनहळ्ळीचे तळेही बुजले. गावपणाची खूण उरली ती ग्रामदेवतांच्या देवळांत आणि अशा कट्ट्यांवर.

कट्ट्यावरच्या पिंपळ-निंबाचे रीतसर लग्न लावतात. मूल व्हावे म्हणून नवस बोललेली जोडपी नागशिळा बसवतात, म्हणजे त्यातला प्रत्येक दगड कुणाच्या तरी घरची गोष्ट आहे. नागपंचमीला बायका दूध वाहतात, एरवी प्रदक्षिणा घालतात. दार नाही, कुलूप नाही, बहुतेक ठिकाणी पुजाऱ्याचीही गरज पडत नाही. पूजा आटोपली की त्याच सावलीत म्हातारी माणसे गप्पा मारत बसतात. पर्यावरण-अभ्यासक हरिणी नागेंद्र यांनी बेंगळुरूच्या झाडांविषयी लिहिताना या कट्ट्यांची आवर्जून दखल घेतली आहे.

शेजारच्या मल्लेश्वरमला मराठी वाचकाने जायलाच हवे. काडू मल्लेश्वराच्या देवळासमोर १६६९ चा शिलालेख आहे. शहाजीराजांचे पुत्र, शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव या देवाला दिल्याची त्यात नोंद आहे. ते गाव शहरात विरून गेले. दगडामुळे नाव तेवढे राहिले. बेगूरच्या नागेश्वर देवळातल्या, सुमारे इ. स. ८९० च्या वीरगळावर तर खुद्द ‘बेंगळुरू’ हे नाव कोरलेले आहे. लहान देवळांची अंगणे हे या शहराचे दफ्तर आहे, असे मी म्हणते ते यामुळेच.

असे दफ्तर सरकारी फतव्याने कसे नष्ट होते, हे जपानने पाहिले आहे. तिथल्या गल्लोगल्लीच्या शिंतो देवस्थानांचे सरकारने १९०६ पासून सक्तीने विलीनीकरण केले. हजारो देवस्थाने मिटली आणि त्यांच्या देवराया तोडल्या गेल्या. वनस्पतिशास्त्रज्ञ मिनाकाता कुमागुसू त्याविरुद्ध लढले, १९१० मध्ये तुरुंगातही गेले. देवराई गेली की तिथली दुर्मीळ वनस्पती आणि गावकऱ्यांची एकत्र येण्याची जागा, दोन्ही जातात, हा त्यांचा मुद्दा होता.

आपल्याकडे सार्वजनिक जागेत नवे अनधिकृत प्रार्थनास्थळ होऊ देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिला. जुन्यांचा निर्णय मात्र एकेक प्रकरण तपासून घ्यायचा होता. पुढे २०२१ मध्ये त्याच आदेशाच्या अंमलबजावणीत म्हैसूर जिल्ह्यातल्या नंजनगूडजवळचे देऊळ पाडल्यावर वादळ उठले आणि कर्नाटकाने धार्मिक वास्तूंच्या संरक्षणाचा कायदा केला.

कायद्याने भिंती वाचतील. मला भीती आहे ती भक्तीने होणाऱ्या नुकसानीची. जीर्णोद्धार म्हणून बुंध्यापर्यंत सिमेंट ओततात, फरशी घालतात, वर पत्र्याचे छत येते, भोवती लोखंडी जाळी. मुळांना पाणी पोचत नाही. जुना झिजलेला दगड बाजूला टाकून नवी गुळगुळीत मूर्ती बसते, आणि त्या दगडावर अक्षरे होती का, हे कुणी पाहत नाही. जे झाडाखाली उघड्यावर शतकानुशतके टिकले, ते पक्के बांधण्याच्या हौसेपायी गमवायचे, हे मला मुळीच मान्य नाही.

बेंगळुरूच्या मिथिक सोसायटीने २०२१ पासून शहरातल्या शिलालेखांचे त्रिमितीय स्कॅनिंग हाती घेतले आहे. राजाजीनगरात किंवा आणखी कुठे राहणाऱ्या वाचकांना एवढीच विनंती: आपल्या गल्लीतल्या कट्ट्याच्या दुरुस्तीची वर्गणी मागायला कुणी आले, तर जरूर द्या, पण बुंध्याभोवती हातभर माती मोकळी ठेवायला सांगा. आणि अक्षरे असलेला दगड दिसला, तर तो हलवण्याआधी सोसायटीला कळवा.