गोल धरणारी मुलं

शनिवारी सकाळी साडेआठला मी शाळेच्या जिममध्ये पोचले, तेव्हा बारावीतली एक मुलगी खुर्च्या मोजत होती. 24 खुर्च्या, टेबल एकही नाही. मी स्वयंसेवक पालक म्हणून गेले होते आणि खुर्च्या लावायचं काम माझ्याकडे आलं. मी लावलेल्या गोलाभोवती ती एक फेरी मारून आली आणि दोन खुर्च्या वीतभर पुढे ओढल्या. "खुर्ची मागे राहिली की त्यावर बसणारा नुसता बघत बसतो," ती म्हणाली. मग मध्ये जमिनीवर तिनं एक विणलेलं कापड अंथरलं, त्यावर पाण्याचा वाडगा, कुंडीतलं एक रोपटं आणि वापरून काळपट झालेला लाकडी चमचा ठेवला. चमचा तिच्या आजीचा. ज्याच्या हातात चमचा त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. बोलायचं नसेल तर तो पुढे द्यायचा, कारण कुणी विचारत नाही.

हे ओकलंड, कॅलिफोर्नियातलं, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडचं शहर. अकरा वर्षं मी इथे राहते, मुलगी इथल्या सरकारी शाळेत दहावीला आहे. हा मेळावा मुलांनीच भरवला होता. विषय दोन, पण एकमेकांत गुंतलेले: शाळेत वर्गाबाहेर कुणाला काढलं जातं, आणि कुणी कुणाला दुखावलं तर शिक्षेखेरीज काय करता येतं. दुसऱ्याला इथे 'रिस्टोरेटिव्ह जस्टिस' म्हणतात. मी माझ्यापुरतं त्याला 'सांधणारा न्याय' म्हणते. शिक्षक होते, पण भिंतीलगत. कार्यक्रमपत्रिकेपासून जेवणाच्या रांगेपर्यंत सगळं मुलांच्या हाती.

शाळांमध्ये ही पद्धत 1994 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये, मारूचीडोर इथल्या शाळेत पहिल्यांदा वापरली गेली. त्याआधी, 1989 मध्ये, न्यूझीलंडनं माओरी समाजाच्या आग्रहामुळे कायदा करून मुलांच्या गुन्ह्यांचा विचार कुटुंबासह बसून करायला सुरुवात केली होती. ओकलंडमध्ये फानिया डेव्हिस या वकील बाईंनी 2005 मध्ये त्यासाठी संस्था काढली. वेस्ट ओकलंडच्या कोल मिडल स्कूलमध्ये पहिला प्रयोग झाला आणि 2010 मध्ये शाळा मंडळानं ठराव करून ही पद्धत स्वीकारली. फानिया म्हणजे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या अँजेला डेव्हिस यांची बहीण; अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये वाढलेली. 1963 मध्ये तिथल्या चर्चमध्ये झालेल्या बॉम्बस्फोटात तिच्या मैत्रिणी गेल्या. एवढं सोसलेल्या बाईनं शिक्षेपलीकडे पाहायचं ठरवलं, हे मला फार मोठं वाटतं.

जिमच्या भिंतीवर मुलांनी एक तक्ता लावला होता. अमेरिकेच्या सरकारी लेखातपासणी कार्यालयाचा 2018 चा अहवाल: देशातल्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय मुलं 15.5 टक्के, पण निलंबित झालेल्यांमध्ये सुमारे 39 टक्के. तक्त्याखाली एका मुलानं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'उद्धटपणा म्हणजे काय, हे कोण ठरवतं?' प्रश्न नेमका आहे. चोरी, मारामारी यांना पुरावा लागतो. 'मुद्दाम अवज्ञा केली' याला शिक्षकाचा त्या दिवशीचा मूड पुरतो. कॅलिफोर्नियात या एका कारणासाठी मुलांना शाळेबाहेर ठेवण्यावर टप्प्याटप्प्यानं बंदी आली. 2015 मध्ये तिसरीपर्यंत, आणि जुलै 2024 पासून थेट बारावीपर्यंत.

दहा वाजता नमुन्याचा गोल सुरू झाला. प्रकरण मुलांनी रचलेलं: वर्गातल्या एका नव्या मुलीचे उच्चार एका मुलानं चोरून चित्रित केले आणि ग्रुपवर टाकले. खऱ्या मुलांची खरी भांडणं अशी चारचौघांत आणायची नाहीत, हा पहिलाच नियम. गोल धरणाऱ्याला इथे 'कीपर' म्हणतात. खुर्च्या लावणारी मुलगीच आज कीपर होती. पण सुरू करण्याआधी तिनं सांगितलं की यातलं निम्म्याहून जास्त काम गोलात बसण्याआधीच होतं. ज्याला लागलं त्याला आधी एकट्याला भेटायचं. तुला समोरासमोर बसायचं आहे का? तुझ्या बाजूला कोण हवं? मग ज्याच्या हातून घडलं त्याला वेगळं भेटायचं. तो "मी काही केलंच नाही" म्हणत असेल, तर गोल भरवायचाच नाही. दोघांपैकी एकाचंही मन नसताना त्यांना समोरासमोर आणलं, तर आधीच दुखावलेल्या पोरीला आपण दुसऱ्यांदा दुखावतो, हे सोळा-सतरा वर्षांची मुलगी शांतपणे सांगत होती.

चमचा फिरायला लागला. प्रश्न ठरलेले आणि साधे: काय झालं? तेव्हा मनात काय होतं? कुणाकुणाला त्याची झळ लागली? आता नीट व्हायला काय लागेल? 'का केलंस?' हा प्रश्न त्यात नाही. मी कारण विचारलं. "'का' विचारलं की माणूस सबबी शोधतो," शेजारचा अकरावीतला मुलगा म्हणाला. आयुष्यभर मी मुलीला पहिला प्रश्न 'का' हाच विचारत आले आहे.

चमचा नव्या मुलीच्या आईच्या भूमिकेत बसलेल्या बाईंकडे आला. त्या खरोखरच इथल्या एका विद्यार्थिनीच्या आई, ग्वातेमालाच्या डोंगराळ भागातून आलेल्या. त्यांची भाषा माम. माया लोकांच्या अनेक भाषांपैकी ही एक, आणि ओकलंडमध्ये ती बोलणारी हजारो माणसं आहेत. त्यांची मुलगी पटकन पुढे सरकली, आईचं बोलणं इंग्रजीत सांगायला. कीपरनं तिला हातानं थांबवलं. मुलीनं आईचं भाषांतर करायचं नाही. आई मुलीसमोर हवं ते बोलू शकत नाही आणि मुलीवर उगाच ओझं पडतं. मग एका दुभाष्यानं मामचं स्पॅनिश केलं, दुसरीनं स्पॅनिशचं इंग्रजी. प्रत्येक वाक्याला तिप्पट वेळ. 24 खुर्च्यांमधून कुणी घड्याळ पाहिलं नाही, कुणी फोन काढला नाही.

बाई दोन वाक्यांनंतर भूमिकेबाहेर आल्या. शाळेतून फोन येतो तो स्पॅनिशमध्ये, त्या म्हणाल्या. मला अर्धं कळतं. मी सगळ्याला हो म्हणते. एकदा मी हो म्हणाले आणि माझ्या मोठ्या मुलाला तीन दिवस घरी बसवलं होतं, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

मामपासून इंग्रजीपर्यंत हे पोचायला मिनिटभर लागलं असेल. त्या मिनिटात त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत बसण्याखेरीज आम्हाला काही करता येत नव्हतं. समतेवर मी बरीच भाषणं ऐकली आहेत. त्या दिवशी ती मला दोन दुभाष्यांच्या रूपात दिसली, आणि त्यांच्यासाठी थांबलेल्या मुलांच्या रूपात.

शेवटी करार लिहायचा होता. मुलाची भूमिका करणारा म्हणाला, "मी सॉरी म्हणेन." कीपरनं ते लिहिलं नाही. "आम्हाला दिसेल असं काय करशील?" मग हळूहळू कागद भरला. व्हिडिओ ज्यांना गेला त्या सगळ्यांना आज रात्रीपर्यंत स्वतः सांगायचं की चूक माझी होती, तो काढून टाका. पुढचे तीन मंगळवार नव्या मुलांच्या स्वागत-कक्षात काम करायचं. आणि ते झालं का, हे दोन आठवड्यांनी अमुक तारखेला, याच खोलीत पाहायचं. 'कोण पाहणार' या रकान्यात नाव येईपर्यंत तिनं सह्या घेतल्या नाहीत. ज्यांना ही पद्धत म्हणजे गुन्हा पोटात घालणं वाटतं, त्यांनी तो मुलगा कागदाकडे पाहत कसा बसला होता ते पाहायला हवं होतं. भूमिका होती, तरी त्याचे कान लाल झाले होते.

दुपारच्या सत्रात मुलांनी अडचणीही लपवल्या नाहीत. पिट्सबर्गमधल्या 44 शाळांचा रँड संस्थेनं अभ्यास केला होता. त्याचे निष्कर्ष 2018 च्या अखेरीस आले. निलंबनं कमी झाली, कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलांमधली दरी आकसली, पण सहावी ते आठवीच्या मुलांचे गुण घसरले. एका मुलानं हे वाचून दाखवलं आणि म्हणाला, आमच्याकडे या कामाचा पगारी माणूस कमी केला की शिक्षक वर्ग थांबवून दहा मिनिटांत गोल उरकतात. ना धड गणित होतं, ना धड बोलणं. मला त्याचं पटलं. वेळ आणि माणूस द्यायचा नसेल तर शाळेनं खुर्च्या गोल मांडूच नयेत.

घरी परतताना मला माझी सातवी आठवत होती. मी मॉनिटर होते. बाई वर्गात नसल्या की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचं काम माझं. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर वस्तीतून येणारी एक मुलगी बसायची. तिचं नाव मी रोज लिहायचे. ती इतरांपेक्षा जास्त बोलायची म्हणून नव्हे. तिचं लिहिलं तर कुणाच्या घरून तक्रार येत नसे म्हणून. तिला बाहेर उभं राहावं लागे. गणिताचे किती तास तिनं व्हरांड्यात काढले, हे आज मोजणं शक्य नाही. वर्षअखेरीस तिनं शाळा सोडली. खडू माझ्या हातात होता. बाईंनी तेव्हा मला चमचा दिला असता, तर अकरा-बारा वर्षांच्या मला तोही धरता आला असता, असं आता या मुलांकडे पाहून वाटतं.

कोण कुठे बसतं हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेब आंबेडकरांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एकत्र बसवण्याचा हुकूम काढला. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध केले. छडी गेली, हे चांगलंच झालं. पण छडीच्या जागी काय करायचं, हे त्या कलमात नाही, आणि बहुतेक शाळांत ती जागा व्हरांड्यानं घेतली आहे.

त्याच कायद्यानं सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आणली आहे, आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तुम्ही त्यातले असाल, तर पुढच्या बैठकीत पोषण आहार आणि रंगकामाचे विषय संपल्यावर एक विचारा: गेल्या महिन्यात वर्गाबाहेर कोण उभं होतं, किती वेळा, आणि त्यांची नावं कुणी लिहिली होती? उत्तर वहीत लिहून घ्या. आणि ती मुलं बैठकीला येऊ शकतील का, तेही विचारा.