काळे आधी की कावळे?

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलची स्थानकं या भागातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा. कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड, कर्जत. ही दहा नावं एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ओळीला एक याप्रमाणे लिहा आणि संगणकाला ‘सॉर्ट’ करायला सांगा. यादी परत येते ती अशी: अंबरनाथ, उल्हासनगर, कर्जत, कल्याण, नेरळ, बदलापूर, भिवपुरी रोड, वांगणी, विठ्ठलवाडी, शेलू. अक्षरांच्या हिशेबाने बिनचूक, पण या क्रमाने गाडी सोडली तर बदलापूरकर नेरळचं दर्शन घेऊनच घरी पोहोचेल.

मग नावाआधी मुंबई सीएसएमटीपासूनचं अंतर लिहू. कल्याण साधारण ५४ किलोमीटर, अंबरनाथ ६०, बदलापूर ६८, कर्जत १००. पुन्हा सॉर्ट केलं तर कर्जत सगळ्यात वर, कल्याणच्याही अलीकडे. कारण संगणक शंभर हा आकडा वाचतच नाही. तो पहिलं चिन्ह पाहतो, एक पाचच्या आधी येतो, संपला विषय. ‘सॉर्ट -एन’ म्हटलं, म्हणजे ‘आकडा म्हणून वाच’ असं बजावलं, की गाडी रुळावर येते. शब्दांच्या सुरुवातीच्या अक्षरांचा क्रम, आकड्यांचा क्रम आणि रुळांचा क्रम हे तीन वेगवेगळे क्रम आहेत. त्यांतला कुठला हवा, हे माणसानेच ठरवायचं असतं. यादी लावण्याचं निम्मं काम इथेच होतं.

या आज्ञा टर्मिनल नावाच्या काळ्या खिडकीत टाइप करायच्या असतात. लिनक्स आणि मॅकमध्ये ती असतेच, विंडोजवर डब्ल्यूएसएल बसवून मिळते, अँड्रॉइड फोनवर टर्मक्स हे ॲप चालतं. इथे आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप कराव्या लागतात. ‘सॉर्ट’ ही आज्ञा युनिक्स या संगणकप्रणालीच्या १९७१ सालच्या पहिल्या मॅन्युअलातही आहे. अर्ध्या शतकाहून जुनी ही आज्ञा आजही त्याच नावाने चालते. सोसायटीच्या सदस्यांची यादी लावायला महागडं सॉफ्टवेअर लागतं, ही समजूत म्हणूनच मला पटत नाही.

कर्जतहून मुंबईकडे येणाऱ्या अप गाडीसाठी हीच यादी उलटी हवी. त्याला ‘टॅक’ आहे. फाइल जशीच्या तशी दाखवणाऱ्या ‘कॅट’चं स्पेलिंग उलटं करून हे नाव ठेवलंय, आणि ते शेवटची ओळ आधी देतं. मॅकवर हे नसतं, तिथे ‘टेल -आर’ वापरावं. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये चिखलोली स्थानक उभारलं जात आहे, ते यादीत घालायचं तर ‘सेड’ला सांगायचं: अंबरनाथ सापडलं की त्याच्या खाली चिखलोलीची ओळ घाल. सॉर्ट, टॅक आणि सेड आलं की रोजचं बरंचसं काम भागतं.

खरी परीक्षा उल्हासनगरात. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना दिली गेली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली. छावणी गेली, पण पत्ते छावणीचेच राहिले. आजही इथला माणूस कॅम्प एक ते पाच, बराक नंबर आणि खोली नंबर असाच पत्ता सांगतो. अशा पत्त्यांची यादी साध्या सॉर्टपुढे टाकली की बराक १०१० आधी, मग ७०५, आणि ९९ सगळ्यात शेवटी. वर्गणीला किंवा सर्वेक्षणाला निघालेल्या माणसाला ही यादी दिली तर तो दिवसभर एकाच गल्लीत तीनदा जाईल.

म्हणून फाइल अशी लिहावी: कॅम्प, बराक, खोली, नाव, आणि मध्ये स्वल्पविराम. आज्ञा अशी:

सॉर्ट -टी, -के१,१एन -के२,२एन -के३,३एन यादी

म्हणजे स्वल्पविरामाला रकाना तोड, आधी पहिला रकाना आकड्याने लाव, तो सारखा असेल तर दुसरा, तोही सारखा असेल तर तिसरा. यातलं ‘१,१’ हे नवशिक्यांना जास्तीचं वाटतं आणि ते नुसतं ‘-के१’ लिहून मोकळे होतात. त्याचा अर्थ ‘पहिल्या रकान्यापासून ओळीच्या शेवटापर्यंत’ असा होतो. आकड्यांच्या यादीत ही चूक बहुधा खपून जाते, कारण आकडा संपला की सॉर्ट थांबतो. पण नावांच्या रकान्यावर असं केलं की एकाच आडनावाचे लोक पुढच्या रकान्यातल्या मजकुराप्रमाणे लागतात, आणि तुम्ही नंतरसाठी ठरवलेला आकड्यांचा क्रम बाजूलाच राहतो. कुठे सुरू आणि कुठे बंद, दोन्ही सांगायची सवय लावावी.

आता मराठीचा खास घोळ. वरच्या यादीतले आकडे कुणी मराठी अंकांत टाइप केले असतील तर ‘-एन’ निकामी होतं. सॉर्टला फक्त इंग्रजी अंक आकडे म्हणून कळतात. मराठी पाच त्याच्या लेखी शून्य, आणि मराठी शंभरही शून्यच. आधी सेडच्या ‘वाय’ या सोयीने दहा मराठी अंकांच्या जागी दहा इंग्रजी अंक घालून घ्यावेत. याच कामाला ‘टीआर’ नावाचं हत्यारही सुचवलं जातं, पण लिनक्सवरचं टीआर एका वेळी एकच बाइट पाहतं आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. परिणामी मजकुराचा चुराडा होतो.

आणि मग काळे आणि कावळे. शाळेत पाठ केलेल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, त्यामुळे जुन्या हजेरीपटाच्या शिस्तीने कावळे, काशीद, कासार आणि मग काळे. संगणकातल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या तक्त्यात मात्र ळ हा ल ला चिकटून, व च्या आधी बसवला आहे. तो तक्ता एकट्या मराठीसाठी बनवलेला नाही. देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या सगळ्या भाषांची त्यात सोय लावली आहे. त्यामुळे नुसत्या चिन्हक्रमाने लावलेल्या यादीत काळे पहिले. क्षीरसागर यांचंही तसंच. वर्णमालेत क्ष शेवटी, पण संगणकाला तो क, हलन्त आणि ष असा तीन तुकड्यांत दिसतो, म्हणून हे कुटुंब क च्या शेवटी आणि खरात यांच्या आधी जाऊन बसतं. अनुस्वाराच्या बाबतीत मात्र नशीब चांगलं. तक्त्यात अनुस्वार सगळ्या व्यंजनांच्या आधी येतो, त्यामुळे अंबरनाथ अकोल्याच्या वर लागतं. मराठी विश्वकोशाचा पहिला खंडही ‘अंक’पासूनच सुरू होतो.

यावरचा रीतसर उपाय म्हणजे संगणकाला मराठीचे नियम लावायला सांगणं, त्याला ‘लोकेल’ म्हणतात. ते बसवलेलं असेल तर सॉर्ट भाषेच्या नियमांनी चालतो. बसवल्यावर काशीद, काळे, कावळे आणि क्षीरसागर या चार नावांवर चाचणी घ्यावी. क्रम मनासारखा आला तरच पूर्ण यादीला हात लावावा. लोकेल नसेल तर एक देशी युक्ती आहे. युनिकोडच्या तक्त्यात ह च्या नंतर आणि काना-मात्रांच्या आधी अवग्रह बसलेला आहे, तोच तो इंग्रजी एससारखा दिसणारा ऽ. मराठी आडनावांत तो येत नाही. तेव्हा सगळ्या ळ च्या जागी तात्पुरता अवग्रह घाला, सॉर्ट करा आणि अवग्रहाचा पुन्हा ळ करा:

सेड ‘एस/ळ/ऽ/जी’ यादी | एलसी_ऑल=सी सॉर्ट | सेड ‘एस/ऽ/ळ/जी’

मधलं ‘एलसी_ऑल=सी’ म्हणजे कुठल्याही भाषेचे नियम न लावता निव्वळ चिन्हक्रमाने चाल. हे सगळंच मोठ्या लिपीत लिहावं लागतं. काळे निमूटपणे कासारांच्या मागे जातात. क्षीरसागरांचा प्रश्न याने सुटत नाही, त्यांना लोकेलच हवं.

या आज्ञेतल्या उभ्या रेघेला पाइप म्हणतात. डग्लस मॅकिलरॉय यांची ही कल्पना केन थॉम्पसन यांनी १९७३ मध्ये युनिक्समध्ये उतरवली. एका हत्याराचं काम संपलं की त्याचा माल सरळ पुढच्याच्या हातात. १९८६ मध्ये एका मासिकासाठी संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी मजकुरात सर्वाधिक वेळा आलेले शब्द मोजणारा लांबलचक, देखणा प्रोग्रॅम लिहिला. त्याच अंकात परीक्षण करताना मॅकिलरॉय यांनी तेच काम सहा आज्ञांच्या पाइपने करून दाखवलं. त्या सहांपैकी दोन सॉर्ट होत्या. नूथ यांची बाजू घेणारे आजही भेटतात, मी मात्र मॅकिलरॉय यांच्या बाजूचा.

उल्हासनगरच्या यादीत आणखी एक गंमत होते. सिंधी भाषा भारतात अरबी वळणाच्या लिपीत आणि देवनागरीत, दोन्हींत लिहिली जाते. देवनागरी सिंधीतल्या खास उच्चारांसाठी ॻ, ॼ, ॾ, ॿ अशी खाली रेघ असलेली अक्षरं आहेत. ती युनिकोडमध्ये नंतर आली, म्हणून तक्त्याच्या अगदी टोकाला, मराठी अंकांच्याही पुढे बसली. चिन्हक्रमाने लावलेल्या यादीत अशा अक्षराने सुरू होणारं नाव ग किंवा ज जवळ शोधून सापडणार नाही. ते तळाशी असतं.

दुबार नावांचा शोध हे सगळ्यांच्या आवडीचं काम, आणि २०२५च्या स्थानिक निवडणुकांपासून ‘दुबार’ हा शब्द तर नाक्यानाक्यावर पोहोचला आहे. त्यासाठीचं ‘युनिक’ हे हत्यार फक्त शेजारच्या दोन ओळी ताडून पाहतं. तेव्हा आधी सॉर्ट, मग युनिक. ‘युनिक -डी’ फक्त दुबार ओळी दाखवतं, ‘युनिक -सी’ किती वेळा आल्या ते मोजतं. पण युनिकला सारखं म्हणजे बाइटला बाइट सारखं लागतं. कुऱ्हाडे यांचंच घ्या. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: एकदा ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त देऊन आणि एकदा साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण युनिकच्या मते ही दोन वेगळी माणसं. गोऱ्हे, कऱ्हाडे, पऱ्हाड, सगळ्यांची हीच कथा. नावामागे राहिलेली एखादी जादा स्पेसही तेवढीच पुरते. दुबार शोधण्याआधी सेडने यादी एका वळणावर आणली नाही तर ‘एकही दुबार नाही’ हा निष्कर्ष छातीठोकपणे सांगू नये.

गेल्या वर्षीची आणि यंदाची यादी शेजारी ठेवून कोण आलं, कोण गेलं हे पाहायचं तर ‘कॉम’ आहे. ‘कॉम -१३’ नवे सदस्य देतं, ‘कॉम -२३’ गळालेले. अट एवढीच की दोन्ही फाइल आधी एकाच नियमाने सॉर्ट केलेल्या असाव्यात. वाचनालयांच्या ग्रंथसूचीला हे फार उपयोगी आहे. बदलापूरचं श्याम जोशी यांचं ग्रंथसखा वाचनालय दुर्मीळ मराठी पुस्तकांसाठी ओळखलं जातं. असा संग्रह जिथे जिथे आहे तिथे देणगीत आलेल्या पुस्तकांची यादी जुन्या सूचीशी ताडून पाहणं हे एका ओळीचं काम होऊ शकतं. यादी कितीही मोठी असली तरी सॉर्ट घाबरत नाही. मेमरीत मावत नसेल तर तो तिचे तुकडे करतो, एकेक तुकडा लावून डिस्कवर ठेवतो आणि मग लावलेल्या कार्डांच्या दोन गठ्ठ्यांतून वरचं लहान कार्ड उचलत एकच गठ्ठा करावा तसे ते तुकडे जोडतो. ही पद्धत जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ मध्ये मांडली.

क्रम मुद्दाम बिघडवायचाही असतो. भिशीचा नंबर काढायचा असेल तर ‘शफ -एन १ नावं’ म्हणा, एक नाव बाहेर येतं. ‘सॉर्ट -आर’ (मोठ्या लिपीतला आर) यासाठी वापरू नका. तो सारख्या ओळी एकत्रच ठेवतो, त्यामुळे एकाच नावाचे दोन भागीदार नेहमी लागोपाठ येतील आणि मग भिशीतल्या बायका बरोबर ओरडतील.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र एका साध्या खुणेने होतं. ‘सॉर्ट यादी > यादी’ असं कधीही लिहू नये. ही खूण निकाल फाइलमध्ये लिहायला सांगते, पण सॉर्ट सुरू होण्याआधीच शेल, म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम, ती फाइल रिकामी करतो आणि मग सॉर्टला लावायला काहीच उरत नाही. त्याच फाइलमध्ये निकाल हवा असेल तर ‘सॉर्ट -ओ यादी यादी’ लिहावं, ते सुरक्षित आहे. जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टांत टाइप केलेल्या फाइलवर यातलं काहीही चालत नाही, त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात. आणि सॉर्टला हात लावण्यापूर्वी ‘कॅट -एन’ने प्रत्येक ओळीला मूळ अनुक्रमांक देऊन एक प्रत बाजूला ठेवा. मग क्रम कितीही विस्कटला तरी ‘सॉर्ट -एन’ ती प्रत पुन्हा पहिल्यासारखी लावून देतो.