गिरणगावचे आवाज : ध्वनिमुद्रित आठवणींची सूची

मुंबईच्या कापडधंद्याचा इतिहास लिहिणाऱ्यास कागदांची वाण पडत नाही. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेव येथे पहिल्या कापड गिरणीची उभारणी आरंभिली, तेव्हापासून अहवाल, हजेरीपुस्तके, सरकारी पत्रव्यवहार आणि वृत्तपत्रे यांचा मोठा संचय झालेला आहे. त्यांतून गिरण्यांची संख्या, उत्पादन व संपांच्या तारखा कळतात. परंतु रातपाळी करून आलेला कामगार गावकऱ्यांच्या खोलीत कोणाच्या उठण्याची वाट पाहून अंथरूण टाकीत असे, किंवा संपाच्या दिवसांत खाणावळवाल्या बाईने उधारीचे ताट किती दिवस वाढले, याची नोंद कोणत्याही दप्तरात सहसा सापडत नाही. ती माणसांच्या स्मरणात असते. अशा आठवणी प्रश्नोत्तरांद्वारे ध्वनिमुद्रित करून त्यांचा साधन म्हणून उपयोग करणे, यास मौखिक इतिहास म्हणतात.

या कामाला १९४८ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात ॲलन नेव्हिन्स यांनी संस्थात्मक रूप दिले. मुंबईत १९८८ साली स्थापन झालेल्या 'स्पॅरो' या संस्थेने स्त्रियांच्या जीवनाविषयीचे ध्वनी व चित्र संग्रह उभे केले. लालबाग, परळ, शिवडी, वरळी या गिरणगावच्या वस्तीबाबत नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी कामगार, कार्यकर्ते, कलावंत व स्त्रिया यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांवर आधारलेला त्यांचा इंग्रजी ग्रंथ २००४ साली प्रसिद्ध झाला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. त्या वेळी ऐन तिशीत असलेला कामगार आज सत्तरी ओलांडून गेला आहे. म्हणून हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही.

मुद्रणानंतरचे काम

आवाज मुद्रित झाला म्हणजे तो जतन झाला, अशी समजूत असते. ती अपुरी आहे. पुस्तक चाळता येते, दप्तरावरून नजर फिरविता येते. ध्वनिफीत मात्र चाळता येत नाही. दोन तासांच्या मुलाखतीत काय आहे हे जाणण्यास दोन तास ऐकावे लागते. शंभर मुलाखतींच्या संग्रहात बदली कामगारांविषयी कोण बोलले आहे, हे शोधू पाहणारा अभ्यासक सूची नसेल तर रिकाम्या हाताने परत जातो. फितीवर केवळ 'परळ, भाग दोन' एवढेच लिहिलेले असेल आणि मुलाखत घेणारी व्यक्ती हयात नसेल, तर बोलणाऱ्याचे नावही कायमचे हरवते.

यासाठी प्रत्येक मुद्रणास स्वतंत्र क्रमांक देऊन त्याचे नोंदपत्र तयार केले जाते. त्यात बोलणाऱ्याचे नाव, जन्मवर्ष, मूळ गाव व तालुका, व्यवसाय, मुलाखत घेणाऱ्याचे नाव, मुद्रणाची तारीख व ठिकाण, भाषा व बोली, एकूण कालावधी आणि मूळ फितीचा प्रकार या बाबी असतात. त्यापुढे विषयवार गोषवारा येतो. पहिल्या मिनिटापासून गावचे बालपण, बाराव्या मिनिटापासून मुंबईतील आगमन, तिसाव्या मिनिटापासून गिरणीतील पहिली पाळी, अशा वेळदर्शक नोंदींमुळे ऐकणाऱ्यास हवा तो भाग थेट काढता येतो. संपूर्ण शब्दांकनास मुद्रणाच्या कित्येक पट वेळ लागतो. म्हणून प्रथम सर्व फितींची अशी सूची करावी आणि शब्दांकन क्रमाक्रमाने हाती घ्यावे, हे श्रेयस्कर होय.

नावे आणि शब्द

सूचीकाराची खरी कसोटी नावांबाबत लागते. बोलणारा 'डिलाईल रोड' म्हणतो, तर नकाशावर ना. म. जोशी मार्ग असतो. तो 'एल्फिन्स्टन रोड' म्हणतो, ते स्थानक २०१८ पासून प्रभादेवी झाले आहे. सूचीत एक नाव प्रमाण मानून दुसऱ्याचा हवाला द्यावा लागतो, म्हणजे कोणत्याही नावाने शोधले तरी मुद्रण हाती लागते. गिरण्यांची मालकी आणि नावे बदलली, तेथेही हीच रीत उपयोगी पडते.

'मोठा संप' हा शब्दप्रयोग असाच फसवा आहे. वयानुसार तो १९२८ चा, १९५० चा अथवा १९८२ चा असू शकतो. संदर्भावरून वर्ष ठरवून ते चौकटी कंसात नोंदवावे. बोलणाऱ्याचे मूळ शब्द मात्र बदलू नयेत. त्याने सांगितलेली तारीख चुकली असली तरी ती तशीच ठेवून खाली टीप द्यावी, कारण माणसाला काय व कसे आठवते हीदेखील इतिहासाचीच सामग्री होय. साचा, पाळी, भोंगा, जॉबर, बदली हे कामाचे शब्दही विषयसूचीत जसेच्या तसे यावेत.

वर्गवारीचे फळ काय, हे जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहावरून दिसते. गी पॉइतवाँ व हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. प्रत्येक ओवी गाणारी स्त्री, तिचे गाव आणि ओवीचा विषय यांच्याशी जोडलेली असल्यामुळे एवढ्या मोठ्या संचयात वाट सापडते.

संमती आणि जतन

मुलाखतीत सावकारी कर्ज, जॉबरला द्यावी लागलेली लाच, संघटनांमधील वैर यांचे उल्लेख येतात. त्यांतील माणसे किंवा त्यांची मुले हयात असतात. म्हणून बोलणाऱ्याची लेखी संमती घेणे आवश्यक आहे. कोणता भाग खुला, कोणता ठरावीक मुदतीपर्यंत बंद, हे नोंदपत्रावर स्पष्ट असावे. विश्वासाने सांगितलेली गोष्ट विश्वासानेच राखली पाहिजे.

मुंबईच्या दमट हवेत चुंबकीय फितींना बुरशी लागते. त्या वाजविणारी यंत्रेही दुर्मिळ होत आहेत. त्यामुळे फितींचे अंकीय रूपांतर करून त्याच्या किमान दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्या लागतात. जतनाची प्रत ध्वनीची काटछाट न करणाऱ्या स्वरूपात, तर ऐकण्याची प्रत लहान आकाराची असावी. दोन्हींवर एकच क्रमांक हवा.

गावांचा वाटा

गिरणगाव केवळ मुंबईत नव्हते. त्याची मुळे रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांतील गावांत होती. संपानंतर अनेक कामगार तेथेच परतले. मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर घर चालविणाऱ्या स्त्रियांची बाजू तर गावातच ऐकावयास मिळेल. शाळेने किंवा ग्रामपंचायतीच्या वाचनालयाने साध्या मोबाइल दूरध्वनीवर अशा आठवणी मुद्रित केल्या, तरी चालण्याजोगे आहे. मात्र मुद्रण संपताच, त्याच दिवशी, नाव, गाव, तारीख, संमती आणि विषय यांचे एक पानभर टिपण लिहून ठेवावे. पुढे कोणत्याही संग्रहालयात ते मुद्रण गेले, तरी त्या पानाच्या आधारे ते बोलके राहील.