वाचनालयाचा वार्षिक अहवाल कसा वाचावा?

मार्च महिना सरतो, हिशेबाच्या वह्या मिटतात आणि काही महिन्यांनी तालुक्याच्या गावातील वाचनालयाच्या सभासदांच्या हाती आठ-दहा पानांची एक पातळ पुस्तिका येते. ती असते ‘वार्षिक अहवाल’. मुखपृष्ठावर वाचनालयाच्या इमारतीचे छायाचित्र, आत कार्यकारी मंडळाची नावे, देणगीदारांचे आभार आणि मग आकड्यांचे तक्ते. बहुतेक सभासद आपल्या ओळखीच्या कुणाचे नाव छापले आहे काय, एवढे पाहतात व पुस्तिका बाजूला ठेवतात. आमच्या मते हा त्या पुस्तिकेवर अन्याय आहे. त्या रुक्ष तक्त्यांमध्ये एका गावाचे अख्खे वर्ष दडलेले असते. ते कसे उलगडावे, हे सांगण्याचा हा प्रयत्न.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पाटीवर ‘सार्वजनिक’ असे लिहिलेले असल्यामुळे वाचनालय सरकारचे आहे, असे पुष्कळांना वाटते. महाराष्ट्रात तसे नाही. मद्रास प्रांताने १९४८ साली ग्रंथालय कायदा केला, तेव्हा मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय कर गोळा करण्याची तरतूद त्यात होती. महाराष्ट्राने १९६७ साली ‘महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम’ संमत केला तो मात्र असा कर न लावता. शासनाने दरवर्षी किमान २५ लाख रुपये ग्रंथालय निधीस द्यावेत, असे त्यात ठरले. वाचनालये स्थापन करणे व चालवणे हे काम नागरिकांच्या संस्थांकडेच राहिले. त्याला कारणही तसेच होते. आपल्याकडे वाचनालयाची परंपरा कायद्याहून फार जुनी आहे. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ सालचे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. लोकांनी उभारलेले लोकांच्याच हाती राहावे व शासनाने मान्यता आणि अनुदान देऊन हातभार लावावा, असा हा मार्ग होता.

या मार्गाचा एक परिणाम अहवालाच्या पहिल्याच पानावर दिसतो. वाचनालयाच्या नावापुढे ‘तालुका ब’, ‘इतर क’ किंवा ‘इतर ड’ असे काहीतरी छापलेले असते. हा वाचनालयाचा वर्ग होय. ग्रंथ किती, सभासद किती, वृत्तपत्रे व नियतकालिके किती, दार किती तास उघडे, यावरून तो ठरतो आणि वर्गावरून अनुदान ठरते. म्हणजे गावातील माणसे सभासद होण्याचे थांबली, की काही काळाने त्याचा फटका अनुदानास बसू शकतो. सरकारी कचेरी गावाच्या अनास्थेने बंद पडत नाही. वाचनालय पडू शकते.

आता वर्षाकडे वळू. एप्रिल-मे हा काळ मोजणीचा. दाखल नोंदवहीतील प्रत्येक क्रमांक घ्यायचा, कपाटातील पुस्तक शोधायचे, खूण करायची. वाचायला नेलेली पुस्तके वेगळी, बांधणीला गेलेली वेगळी, हरवलेली वेगळी. पुस्तकांच्या पाठीवर चिकटवलेले आकडे पुष्कळांना कोडे वाटतात. ड्यूई नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीचे ते आकडे आहेत. त्यात ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य. आपल्या छोट्या वाचनालयांत निम्म्याहून अधिक कपाटे या एकाच आकड्याखाली मावतात, हा भाग निराळा! कित्येक ठिकाणी तर कादंबरी, चरित्र, धार्मिक, बालवाङ्मय अशी साधी विभागणीच चालते आणि वाचकांचे त्यावाचून काही अडत नाही.

मोजणीनंतर हरवलेल्या पुस्तकांचा आकडा अहवालात येतो, आणि सर्वसाधारण सभेत सर्वांत अधिक आवाज चढतो तो याच आकड्यावर. येथे थोडे तारतम्य हवे. केंद्र शासनाच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत सरकारी ग्रंथालयांसाठी एक माप दिले आहे: वर्षभरात वाचकांच्या हाती गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ होणे हे वाजवी समजावे. हा नियम आपल्या वाचनालयांना थेट लागू नाही; परंतु माप म्हणून तो उपयोगी आहे. एकही पुस्तक हरवले नाही असे अभिमानाने छापणाऱ्या वाचनालयात कपाटांना कुलपे तर नाहीत ना, हे आम्ही आधी पाहू. त्याच्या शेजारचा ‘बाद ग्रंथ’ हा रकानाही असाच बदनाम आहे. पाने सुटलेली, वाळवीने खाल्लेली, जुन्या अभ्यासक्रमाची पुस्तके बाजूला काढली नाहीत, तर नव्या पुस्तकांना जागा कोठून मिळणार? मात्र दुर्मिळ जुने पुस्तक फाटले म्हणून रद्दीत जाऊ नये, याची काळजी घेणारा जाणता माणूस समितीत असावा लागतो.

मे महिन्यात बाल विभागात गर्दी असते आणि शाळा सुरू झाल्या की ती ओसरते. पावसाळ्यात ग्रंथपालाचे शत्रू दोन, ओल आणि कसर. कोकणपट्टीत तर जुलै महिन्यात पुस्तकाला हात लावला की बोटाला बुरशी लागते. डांबराच्या गोळ्या, कडुनिंबाची वाळलेली पाने आणि ऊन पडेल त्या दिवशी उघडलेल्या खिडक्या, एवढीच साधने असतात. अहवालात याची एक ओळही नसते. १२ ऑगस्ट रोजी डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या प्रतिमेस हार घातला जातो. हे गृहस्थ मूळचे गणिताचे प्राध्यापक; १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. पुस्तक हे जपून ठेवण्याची वस्तू नसून वापरण्याची वस्तू आहे, हा त्यांचा पहिला आग्रह. हार घालून झाल्यावर कपाटांची कुलपे उघडली, तर तो दिवस खऱ्या अर्थाने साजरा होईल.

लेखापरीक्षण पुरे झाले की वार्षिक सर्वसाधारण सभा भरते. शेकडो सभासदांपैकी बोटांवर मोजण्याइतके उपस्थित असतात. गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच जागी, त्याच माणसांसह पुन्हा सुरू होते. इतिवृत्तात मात्र ‘सर्वानुमते मंजूर’ असे लिहिले जाते.

१५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिन. २०१५ पासून राज्यात तो ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून पाळला जातो. योगायोग असा, की कोरोनाच्या टाळेबंदीत मार्च २०२० पासून बंद असलेली राज्यातील वाचनालये उघडण्यास परवानगी मिळाली ती १५ ऑक्टोबर २०२० पासूनच. त्या वर्षाचा अहवाल कुणाकडे जपून ठेवलेला असेल, तर त्यातील देवघेवीचा तक्ता अवश्य पाहावा.

यानंतर येतो वाचनालयाचा खरा हंगाम, दिवाळी अंकांचा. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही प्रथा मराठीत रुजली. एका कुटुंबाला चार-दोन अंक विकत घेणेही आज जड जाते. वाचनालय ऐपतीप्रमाणे वीस, पन्नास किंवा शंभर अंक घेते आणि थोडी जादा वर्गणी भरणाऱ्या सभासदाला ते आळीपाळीने वाचावयास मिळतात. नोव्हेंबर ते मार्च हा फेरा चालतो. वर्षभर न फिरकणारी माणसे या दिवसांत खिडकीपाशी उभी राहतात. एखादा नावाजलेला अंक कुणाकडे आहे, तो कधी परत येणार, अशी विचारणा होते. घरातील आजीला पाककृती हव्या असतात, आजोबांना राशिभविष्य, सुनेला कथा. एक अंक पाच-पन्नास घरे हिंडून येतो तेव्हा त्याची शिवण सुटलेली असते. छापील मजकुरावर केलेल्या खर्चाचा याहून चांगला मोबदला कोठे मिळत असेल, असे आम्हांस वाटत नाही. अहवाल वाचताना महिनावार देवघेव दिली असेल, तर हे फुगलेले महिने सहज ओळखू येतात. प्रश्न पुढचा आहे: अंक संपल्यावर त्या सभासदांपैकी किती जण पुस्तकांकडे वळले? एप्रिलमध्ये आकडा पुन्हा खाली कोसळत असेल, तर समितीने त्यावर बोलले पाहिजे.

जानेवारीतील मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी म्हणजे २७ फेब्रुवारीस मराठी भाषा गौरव दिन, अधूनमधून एखादी व्याख्यानमाला हे कार्यक्रम अहवालातील सर्वाधिक छायाचित्रे व्यापतात. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यानंतर त्यांचा उत्साह वाढला आहे. त्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही.

लिहावयास हवे ते अभ्यासिकेविषयी. वाचनालयाच्या मागच्या खोलीत पाच-सहा टेबले, दोन पंखे आणि सकाळपासून रात्रीपर्यंत मान खाली घालून बसलेली मुले-मुली. कुणी लोकसेवा आयोगाची परीक्षा देणार, कुणी पोलीस भरतीची, कुणी बँकेची. दोन खोल्यांच्या घरात जिथे टीव्ही चालू असतो, लहान भावंडे असतात, तिथे त्यांनी कोठे बसावे? ती पुस्तके घरी नेत नाहीत, म्हणून देवघेवीच्या तक्त्यात ती नसतात. पुष्कळदा स्वतःचीच पुस्तके आणतात. वाचनालय त्यांना देते ती जागा, उजेड आणि शांतता. तसेच वृत्तपत्रांच्या टेबलाशी येणारे निवृत्त शिक्षक, नोकरीच्या जाहिराती उतरवून घेणारा तरुण, जमिनीची जाहीर नोटीस शोधण्यासाठी जुने अंक चाळणारा शेतकरी. मुक्तद्वार विभागात वर्गणी लागत नाही, म्हणून यांची नोंद फार तर एका सहीच्या वहीत असते. ही वही मोजून तिचा आकडा अहवालात छापावा, अशी सूचना कोणत्याही सभासदाला करता येईल.

आता पैशाचा तक्ता. सर्वांत खालच्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयास २०१२ च्या वाढीनंतर वर्षाला ३०,००० रुपये परिरक्षण अनुदान मिळे. म्हणजे महिन्याला २,५००. त्यातच ग्रंथपालाचे मानधन, वीज, वृत्तपत्रांचे बिल आणि नवी पुस्तके. पुढील वाढीसाठी दहा वर्षे वाट पाहावी लागली. २०२२ मध्ये शासनाने ६० टक्के वाढीचा निर्णय घेतला, त्या हिशेबाने ही रक्कम वर्षाला ४८,००० म्हणजे महिन्याला ४,००० होते. राज्यातील मान्यताप्राप्त वाचनालयांत मोठा भरणा ‘क’ आणि ‘ड’ वर्गाचाच आहे. या रकमेत कुणाचाही संसार चालणार नाही, हे सांगावयास नको. म्हणून सायंकाळी खिडकीत बसणारी व्यक्ती सकाळी दुसरीकडे कुठेतरी काम करीत असते. तरीही कोणत्या वाचकाला कोणता लेखक आवडतो, कुणाला मोठ्या अक्षरांचे पुस्तक हवे, कुणाचे कोणते पुस्तक राहून गेले, हे तिला तोंडपाठ असते. ती व्यक्ती गेली तर तिच्या जागी कोण येईल, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक समित्यांकडे नाही.

तेव्हा या वर्षी अहवाल हाती येईल, तेव्हा तीन-चार ठिकाणी जरूर थांबावे. एकूण ग्रंथसंख्येपेक्षा वर्षभरात विकत घेतलेल्या ग्रंथांची संख्या पाहावी. कार्यक्रमांवरील खर्च पुस्तकांवरील खर्चाहून अधिक असेल, तर नम्रपणे कारण विचारावे. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून, १९७२ पासून कार्यरत असलेल्या त्या संस्थेकडून, ग्रंथरूपाने काही साहाय्य मिळाले काय, तेही पाहावे. ग्रंथपालास काय दिले जाते, ते वेतनाच्या ओळीत सापडेल. आणि शेवटी बाल सभासदांचा रकाना. तेथे गेल्या वर्षीचा आकडा व या वर्षीचा आकडा शेजारी शेजारी ठेवून पाहावे. मुलांची वर्गणी नाममात्र असते. प्रवेश अर्जावर पालकांची सही मात्र लागते.